चौदाशे तीस मीटरवरचा शनी

शनी आपल्या दारात उभा राहणार नाही, असं विनेशने सुचिताबाईंना सरळ सांगून टाकलं. त्याची साडेसाती आत्ता कुठे संपली होती.

बाईंनी हातातला टेप गुंडाळला. श्रीवर्धनच्या अलीकडच्या त्या कोळी गावात त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर त्यांना सूर्यमाला उभी करायची होती. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर, असं माप धरलं होतं. शाळेच्या फाटकाशी छातीएवढा पिवळ्या पत्र्याचा सूर्य, आणि पुढे एकेका खांबावर एकेक ग्रह. पृथ्वी करवंदाएवढी झाली. मंगळ नेमका प्रज्योतच्या सलूनपुढे आला. प्रज्योतच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. आता मंगळ आणखी काय बिघडवणार, असं म्हणत त्याने स्वतःच खड्डा खणून दिला. गुरू आपल्याच दारात हवा म्हणून दोन घरं भांडली. शनीपाशी मात्र काम अडलं, आणि सोमवारी शिक्षणाधिकारी उद्घाटनाला येणार होते.

बाईंनी विनेशची समजूत घातली. हा वायूचा गोळा आहे, एकशे त्रेचाळीस कोटी किलोमीटर लांब आहे, त्याला तुझं नावसुद्धा माहीत नाही, असं सगळं सांगितलं. विनेशने दोन बोटी चालवल्या होत्या आणि पाच निवडणुका पाहिल्या होत्या. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तेच सांगतोय, बाई. लांब व्हता तवर बरा व्हता. तुमी त्याला मोजून माझ्या दारात आणलात."

यावर पुस्तकात उत्तर नव्हतं. पण वाट होती. शनीची कक्षा अगदी गोल नसते. तो कधी सूर्याच्या जवळ सरकतो, कधी लांब जातो. बाईंच्या मापात तो फरक एकशे साठ मीटरचा होता. तेवढ्या टप्प्यात खांब कुठेही रोवला तरी विज्ञान खोटं पडत नव्हतं. त्या टप्प्यात आठ घरं होती आणि एक बर्फाचा कारखाना.

बाई दारोदार फिरल्या. एका घरातली सून गरोदर होती. एकाला नवी बोट पाण्यात उतरवायची होती. बर्फ वितळेल, अशी कारखानदाराला भीती वाटली. काळूरामने शनीऐवजी युरेनस मागितला, कारण युरेनसबद्दल त्याने आजवर वाईट काही ऐकलं नव्हतं. त्याला जेमतेम समजावून बाई पुढे निघाल्या, तेव्हा एकच घर उरलं होतं. तिथे जाऊ नका, असं आधीच्या सातही घरांनी बजावलं होतं.

ते तुळशीचं घर. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याची बोट निघाली तेव्हा ती किनाऱ्यावर निरोप द्यायला उभी होती. बोट परत आली नाही. किनाऱ्यावर त्या सकाळी पन्नास माणसं होती, पण पांढऱ्या पायाची ठरली ती एकटी तुळशी. बंदरावर जाताना ती दिसली, तर माणसं घरी परतायची, घोटभर पाणी प्यायची आणि मग पुन्हा निघायची. म्हणून बोटी सुटेपर्यंत ती दारच उघडत नसे. सुकी मासळी विकायलाही ती दुसऱ्या गावच्या बाजारात जायची.

बाईंनी चाचरतच विचारलं. तुळशीने हो म्हणायला क्षणभरही वेळ घेतला नाही. खांब किती उंच आहे, एवढंच तिने विचारून घेतलं. मग उंबऱ्यासमोर, रस्त्याच्या कडेला, पायाच्या अंगठ्याने जागा दाखवली. जरा बाजूला घेऊ या, म्हणजे जायला-यायला अडचण नको, असं बाई म्हणाल्या. तुळशीने मान हलवली. तिला तो दाराच्या अगदी समोरच हवा होता. भीती नाही का वाटत, असं बाई विचारेपर्यंत ती पहार आणायला आत गेली होती.

सोमवारी उद्घाटन झालं. अधिकारी सूर्यापासून गुरूपर्यंत चालले आणि तिथून गाडीत बसून परत गेले. गावातली अंधश्रद्धा विज्ञानाने कशी हटवली, यावर त्यांनी छोटंसं भाषणही केलं.

शनिवारी सकाळी सातला बाई तिकडून चालल्या होत्या. शनीच्या कड्यात रुईच्या पानांची माळ लटकत होती. गोळ्यावरून तेलाचे ओघळ पाटीवर उतरले होते, आणि सूर्यापासूनचं अंतर त्यात दिसेनासं झालं होतं. खांबाच्या बुडाशी काळे उडीद सांडले होते. बंदरावर निघालेली माणसं रांगेत उभी होती. रांगेत सर्वांत पुढे विनेश होता. शनी गावात आलाच आहे, तर त्याच्याशी बिघडवून कशाला घ्यायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

बाईंचा जीव जळला. वर्षभर शिकवलेलं सगळं त्या तेलातून वाहून चाललं होतं. रांग संपेपर्यंत त्या कशाबशा थांबल्या. मग तुळशीकडे जाऊन म्हणाल्या, की आजच्या आज पहार आणून हा खांब उपटते आणि शनी शाळेच्या भिंतीला लावते. तुम्हाला उगाच त्रास झाला, काकी.

तुळशी उंबऱ्यावर बसली होती. दार सताड उघडं होतं. तिने परीटघडीचं लुगडं नेसलं होतं, आणि केसांत अबोलीचा गजरा होता.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय, ते शनीला हात जोडतायत. मी बरोबर त्याच्या मागं बसते."