सातवा प्रश्न

निवृत्त मुद्रितशोधक घरच्या कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळाचा सर्व्हर चालवायचा. त्या खेळात त्रेचाळीस पोरांनी चार वर्षं खपून गाव वसवलं होतं. आज रात्री बारापर्यंत खेळाच्या कंपनीकडून परवान्याचं नूतनीकरण झालं नाही, तर सगळं पुसलं जाणार. अर्जातल्या सातव्या प्रश्नाशी तो अडला: ‘सर्व्हर चालवण्याबद्दल खेळाडूंकडून काही घेतलंत?’ घेतलं असल्यास परवाना रद्द. “अहो, ‘नाही’ म्हणा, मोकळे व्हा,” बायको म्हणाली. “आणि ही खुर्ची?” त्याने विचारलं. “तुमच्या पाठदुखीसाठी वर्गणी काढून पाठवली पोरांनी. लाच आहे का ती?” तो उठला, बसला, पुन्हा उठला. “एका स्वल्पविरामापायी गाव बुडवाल तुम्ही!” चार मिनिटं उरली असताना त्याने उभ्यानेच लिहिलं: ‘हो. एक खुर्ची. परत करतो. गाव राहू द्या.’ आणि पाठवलं. बायकोने कपाळावर हात मारला. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून म्हणाली, “बसा. उत्तर येईपर्यंत पाठ चोळते.”