मानाचा पेला

“दुसरा गिलास न्हाई का घावला कुटं? एवढ्या कामशेतात?”

लीलाबाई पुटपुटल्या, ते शेजारच्या खुर्चीतल्या सुनेलाच ऐकू जावं एवढ्या आवाजात. रेणुकाने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून मोबाइल बघितला. सासूबाईंनी हे म्हणायची सकाळपासूनची ही सहावी वेळ होती.

कामशेतच्या बाजारातल्या भाताच्या जुन्या गोदामात हे छोटं संग्रहालय निघालं, त्याला वर्ष होत आलं होतं. इरली, पायल्या, कंदील, एक बिनचाकाची बैलगाडी. सगळं आसपासच्या गावांतून, घराघरांतून आलेलं. नियम एकच होता. ज्याची वस्तू त्याने सांगावं, आणि सांगितलेलं जसंच्या तसं पाटीवर लिहावं. संग्रहालय चालवणाऱ्या अनघा मॅडम लोणावळ्याच्या. पुस्तकातला इतिहास पुस्तकात आहेच, मला घरातला हवा, असं त्या म्हणायच्या.

लीलाबाईंच्या घरातून त्यांच्या मुलाने, सुहासने, माळ्यावरचा पितळी पेला आणून दिला होता. आईला विचारायचं राहूनच गेलं. पाटीवरचे शब्द त्याचेच होते: ‘मानाचा पेला. घरातलं कुणीही यातून पाणी पीत नसे. तो फक्त बाहेरून आलेल्या माणसासाठी. लहानपणी मी हात लावला म्हणून आजीने मला फटका दिला होता.’

अनघा मॅडम त्या पाटीच्या प्रेमातच पडल्या. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका जाणत्या माणसाला बोलवायचं, त्याच्याकडून जुन्या गोष्टी ऐकायच्या, आणि शालीऐवजी मानाच्या पेल्यातून पाणी द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पेला आधी कल्हईला दिला. कल्हईवाला म्हणाला, ह्याला जन्मात कधी कल्हई लागलेली नाही. सुहासला त्याचंही कौतुक वाटलं. किती जपला होता घरच्यांनी!

आतापर्यंत दोन सत्कार झाले होते, दोन्ही लीलाबाईंच्याच गावच्या म्हाताऱ्यांचे. रखमाजी आबांनी पेला हातात घेतला आणि घसा धरलाय म्हणून पाण्यासकट खाली ठेवला. गोरखभाऊंचा ऐन वेळी कडक उपास निघाला. नंतर त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. वयोमान.

आज सरूबाईंची पाळी होती.

सरूबाई बौद्धवस्तीतल्या. ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांना कमी दिसायचं, हात मात्र अजून शहाणे. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्माला आली होती. सुहासही. त्यांचं नाव निघालं त्या दिवसापासून लीलाबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पेला घरी आणा म्हणाल्या. त्याच्या बदल्यात माझा चांदीचा गडू देते म्हणाल्या. काल तर सुहासशी बोलणंच सोडलं.

रेणुकाला यातलं कळायचं तेवढं कळलं होतं, आणि त्याची लाज वाटत होती. शेवटी ती झुकून हळूच म्हणाली, “आई, सरूमावशी प्यायल्या त्यातून, तर काय बिघडेल? आता नाही चालत असलं.”

लीलाबाईंनी तिच्याकडे बघितलं.

“तुला न्हाई कळायचं.”

“कळतंय मला सगळं,” रेणुका म्हणाली आणि समोर बघू लागली.

समोर सरूबाई बोलत होत्या, आणि लोक हसत होते. पावसात नाव नव्हती म्हणून मी बैलाची शेपटी धरून ओढा पार केला, पलीकडे पोचले तोवर बाळ जन्मून रडून झोपलंही होतं, आणि बाळाचा बाप मलाच विचारत होता, उशीर का केला. अनघा मॅडमनी डोळे पुसले. मग सुहासने माइक घेतला, सरूमावशींच्या हातांनीच मी जग पाहिलं असं सांगितलं आणि मानाच्या पेल्याची गोष्ट रंगवून सांगितली. पाठीमागे रखमाजी आबा आपल्या वहाणांकडे बघत होते.

अनघा मॅडमनी रिकामा पेला सरूबाईंच्या हातात दिला आणि तांब्या उचलला.

सरूबाईंनी पेला चाचपला. काठाला एक पोचा होता, त्यावर त्यांचा अंगठा थांबला. मग, कुणी सांगितल्यासारख्या, त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. पेला जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या.

हात थरथरला असेल, असं अनघा मॅडमना वाटलं. “असू दे मावशी, मी देते उचलून,” त्या म्हणाल्या.

पण लीलाबाई उठल्या होत्या. रेणुकाने त्यांचा पदर धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. खुर्च्यांच्या मधून त्या पुढे गेल्या आणि खाली वाकून पेला उचलला. रेणुकाने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा लीलाबाईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून घेतलं होतं. काठाला ओठ लावून त्या पीत होत्या, सगळं, शेवटच्या घोटापर्यंत.

त्यांनी तोंड पुसलं. सरूबाईंकडे बघायचं धाडस होईना, म्हणून अनघा मॅडमकडे बघून बोलल्या.

“मॅडम, पाटी बदला. मानाचा न्हाई ह्यो. आमच्या दाराभाईर, कोनाड्यात ठेवलेला सरूबाईचा पेला हाय ह्यो. ह्या सुहासला तिनं माज्या कुशीत दिला, त्या दिवशीबी मी तिला ह्यातच पानी दिलं. लांबनं. वरनं.”