नव्या बॅचची मॅडम

कारेगावजवळ चिपचा कारखाना येणार म्हणून भाग्यश्रीनं पतसंस्थेतली नोकरी सोडली, सरकारी खर्चानं चाललेलं वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं आणि त्यात पहिली आली. कारखाना मात्र परराज्यात गेला. सहा महिने ती कंपन्यांच्या गेटवर फिरली, पण चिपचं काम कुठंच नव्हतं आणि दुसऱ्या कामाला तिला कुणी घेईना.

शेवटी प्रशिक्षण केंद्रातूनच फोन आला. योजनेचं अनुदान वाढलं होतं, नव्या बॅचला शिकवायला माणूस हवं होतं. घरात खायची पंचाईत होती. ती रुजू झाली.

पहिल्याच तासाला केंदूरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ह्याच्यासाठी मी जमलेलं लग्न मोडलंय. काम लागंल ना?"

 

भाग्यश्रीनं फळ्याकडं तोंड फिरवलं आणि म्हटलं, "लागंल की."