सातची किटली

सव्वासात झाले तरी प्रेमाबाईंनी किटली लावली नाही. चहाचं पाणी आज गॅसवर ठेवलं.

किटलीच्या प्लगला निलेशने एक यंत्र बसवून दिलं होतं. इथे नाहूरला किटली चालू झाली की तिकडे मालाडला त्याच्या मोबाइलवर कळायचं. कळलं म्हणजे आई ठीक. मग फोन करायची गरज नाही, यायची तर नाहीच नाही. गणपतीत आला होता, त्यानंतर पाच महिने तोंड दाखवलं नव्हतं. आज लेकाचा जीव जरा टांगणीला लावायचाच, असं म्हातारीने ठरवलं होतं.

साडेसातला फोन वाजला. उचलला नाही. पुन्हा वाजला. उचलला असता तर फोनवरच भागलं असतं. समोरची डेल्फिन रविवारची चर्चला गेलेली, म्हणजे दार वाजवायलाही कोणी नव्हतं. प्रेमाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं आणि घावण्यांचं पीठ कालवलं.

साडेनऊला लॅचमध्ये किल्ली फिरली. दारात निलेश. मागे बॅग घेतलेला डॉक्टर.

डॉक्टरही आणला! प्रेमाबाईंना भरून आलं.

"इलंस रे बाबा? बस, घावणे घालतंय."

निलेश जागचा हलला नाही. डॉक्टरने वाकून बूट काढता काढता विचारलं, "बॉडी कुठल्या खोलीत आहे?"

निलेशचा मोबाइल टिंग टिंग वाजत होता. त्याने काढून बघितला आणि घाईने उलटा धरला, पण प्रेमाबाईंना दिसायचं ते दिसलं. भावकीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो होता. फोटो पुतणीच्या लग्नातला, हार आजच चढवलेला. खाली ओळीने भावपूर्ण श्रद्धांजली.

"सर्टिफिकेटचं राहू द्या, डॉक्टर," निलेश म्हणाला आणि आईवर उखडला. "एक बटण दाबायला काय झालं होतं गं तुला? मामा कणकवलीहून गाडी करून निघालाय. आता त्याला काय सांगू मी?"

जिवंत असल्याची प्रेमाबाईंना लाजच वाटली. त्यांनी तव्याखालचा गॅस मोठा केला.

"येवंदे तेका," त्या म्हणाल्या. "तो तरी जेवान जायत."