दोन यार्ड कमी

“संपूर्ण कारकिर्दीत दहा हजार यार्ड!” निशिकांतनं माइकवरून आधी मराठीत, मग इंग्रजीत जाहीर केलं, आणि सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला तोआ पायोहच्या मैदानावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव,” प्रमुख पाहुणे इंग्रजीत म्हणाले.

प्रमुख पाहुणे म्हणजे डेलरॉय पिंकनी, निशिकांतच्याच काँडोत, म्हणजे सोसायटीत, राहणारा निवृत्त अमेरिकन फुटबॉलपटू. चेंडू पोटाशी धरून पुढे पळायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवं करायचं, ही त्याची अकरा वर्षांची नोकरी. आडवं होईपर्यंत जितकं पुढे जाईल, तितके यार्ड त्याच्या नावावर.

निशिकांत बँकेत आहे. “राउंड ऑफ केलं, सर,” तो म्हणाला. “किलोमीटरमध्ये नऊ पूर्णांक चौदा होतात.”

“अकरा वर्षांत नऊ किलोमीटर?” प्रेक्षकांत बसलेली सुचित्रा शेजारणीला म्हणाली. “एवढं तर आमचे हे आठवड्याला चालतात. तेही कुरकुरत.”

डेलरॉयला मराठी येत नव्हतं, पण हसू कळलं. “शेवटच्या मॅचमध्ये कोचनं विचारलं होतं, आणखी एकदा जातोस का,” तो म्हणाला. “मी म्हटलं, पुढच्या सीझनला. आज दमलोय.”

पुढच्या सीझनला तो गेला होता. गुडघा आला नव्हता.

मंडळाला कुणाचं काही अपुरं राहिलेलं बघवत नाही. निशिकांतनं मोबाइलवर हिशोब केला. “दोन यार्ड म्हणजे एक मीटर त्र्याऐंशी. इथंच पळून टाका ना, सर!”

रांगोळीच्या दोन रेघा पडल्या. सत्काराचा नारळ डेलरॉयच्या हातात होताच. तो आपोआप काखेत गेला.

“पण कुणीतरी अडवायला हवं,” तो म्हणाला. “त्याशिवाय ते खरे नाहीत.”

कार्यकारिणी एकमेकांकडे बघायला लागली. पाहुण्याला अडवायचं कसं? अडवल्यासारखं केलं तर चालेल का, असं निशिकांतनं अदबीनं विचारलं. चालणार नव्हतं.

शेवटी साधनाकाकू खुर्चीतून उठल्या. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे नवे. पदर खोचून, हात पसरून त्या दोन रेघांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“भावाच्या लग्नात दार अडवलं होतं, तेव्हा अंगठी घेतल्याशिवाय सोडलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ये म्हणावं त्याला.”

सूत्रसंचालन करणाऱ्या गार्गीनं भाषांतर केलं. कुणी हसलं, डेलरॉय हसला नाही. त्यानं शाल काढून नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली. काकूंकडे बघत तो रेघेवर खाली वाकला आणि एक हात जमिनीला टेकवला. बऱ्याच वर्षांत त्याच्याकडे कुणी असं, पाडायच्या इराद्यानं, बघितलं नव्हतं.

गार्गीनं शिट्टी वाजवली.

तो तसाच राहिला.

“अंकल, गो लाह,” गार्गी हळूच म्हणाली. “टू यार्ड्स ओन्ली.”

“गुडघा,” डेलरॉय जमिनीकडे बघत म्हणाला. “अडकलाय.”

चौघं धावले. दोघं बँकेच्या रिस्क विभागातले, एक ऑडिटमधला, एक जुरोंग आयलंडच्या रिफायनरीतला इंजिनीअर. त्यांनी त्याला वाकला होता तसाच उचलला. खुर्च्या दुसऱ्या रेघेच्या पलीकडे होत्या. साधनाकाकूंचे हात क्षणभर पसरलेलेच राहिले. मग त्या बाजूला झाल्या.

दुसरी रेघ मागे पडली तशा टाळ्या सुरू झाल्या. निशिकांतनं माइक तोंडापाशी नेला.

“माझ्या नावावर नको,” डेलरॉय चौघांच्या हातांवरूनच म्हणाला. नारळ काखेत घट्ट होता. “यांच्या लिहा. प्रत्येकी अर्धा यार्ड.”