हाताखाली कुणीतरी

महेश्वरीला नववा महिना लागला होता आणि दोन वर्षांचा मल्लेश काही तिच्या कडेवरून उतरायचं नाव घेत नव्हता. खाली ठेवलं की भोकाड पसरायचा, उचललं की तिच्या कमरेत चमक भरायची. पाय तर असे सुजलेले, की चपलेत मावेनात. शेवटी न्हाणीघराचं दार लावून तिनं अक्कलकोटला आईला फोन केला. बाहेर पोरगं दारावर थापा मारत होतं.

"अव्वा, मला घेऊन जा गं. लई हाल व्हायलेत माझे."

"पहिलं बाळंतपण आमी केलं की," आई समजावत म्हणाली. "दुसरं सासरीच असतंय, बाळा. रीत मोडून कसं चालंल?"

ती बाहेर आली, तेव्हा तिचे लाल डोळे सासूबाईंच्या, गौरम्मांच्या नजरेतून सुटले नाहीत. "रडू नकोस," त्या मायेनं म्हणाल्या. "उद्या आपल्या घरात एक माणूस वाढतंय बघ."

आता हाताखाली कुणीतरी येणार, या एका आशेवर महेश्वरीनं दुसरा दिवस कसाबसा रेटला. संध्याकाळी दारात रिक्षा थांबली, तशी ती पोराला कडेवर घेऊन लगबगीनं बाहेर गेली.

रिक्षातून तिची नणंद उतरली. पोटावर हात ठेवून, अगदी सावकाश.



"पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय की," गौरम्मा लेकीची पिशवी महेश्वरीच्या हातात देत म्हणाल्या. "तू हायस म्हणून मला काय घोर न्हाय."