कामाचं नाही

शुक्रवारी चार वाजता झ्लाटिनाच्या यादीत एकच काम उरलं होतं: ‘रुमेनशी बोलणे. पाच मिनिटे.’

प्लोवदिव शहरातल्या त्या मालवाहतुकीच्या कचेरीत चौदा माणसं आणि सगळ्यांचा मिळून एक चॅटग्रुप. कुठला ट्रक सीमेवर अडकला, कुणाचा कागद हरवला, कॉफीचं यंत्र का गळतंय, सगळं तिथंच येऊन आदळायचं. झ्लाटिना त्यातून एकेक काम वेचायची, यादीत घालायची, वार ठरवायची आणि मूळ निरोपावर हिरवी खूण करायची. खूण पडली की बाकीचे तेरा जण निर्धास्त. तिनं घेतलेलं काम आजवर राहिलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

मंगळवारी सकाळी, ट्रकांच्या धबडग्यात, रुमेननं लिहिलं होतं: ‘कुणी पाच मिनिटं बोलाल का माझ्याशी? कामाचं नाही.’ कामाचं नाही, म्हणून तिनं शुक्रवार टाकला, खूण केली आणि पुढचा निरोप उघडला. बुधवार-गुरुवार तो रजेवर होता. रजाही तिनंच नोंदवली, कारण न विचारता.

आता ती त्याच्या टेबलाशी गेली, तर तो कागदी पेल्यांत उकडलेले गहू भरत होता. वर पिठीसाखर. मेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात ते.

“कोण रे?”

“बाबा.”

“देव त्यांना क्षमा करो,” रीतीचे शब्द तिच्या तोंडून आपसूक गेले. “कधी?”

“मंगळवारी रात्री. ऑपरेशन करायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणाले डॉक्टर. आई हो म्हणेना, नाही म्हणेना. वाटलं, सही करण्याआधी कुणाशी तरी बोलावं.”

“अरे, मग यायचंस ना माझ्याकडे! मी काय परकी होते?”

“निघालोच होतो, ताई. तेवढ्यात तुझी खूण दिसली. म्हटलं, हातातलं उरकून येईल. दुपारभर वाट बघितली.” त्यानं चमचा पुसला. “दुसरं कुणी येणार नव्हतंच. तू घेतलंस म्हटल्यावर कोण कशाला येतंय?”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला जरा बरं वाटलं असतं.

“मग?” तिनं विचारलं.

“केली सही. ऑपरेशनच्या टेबलावरच गेले.”

झ्लाटिना त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिला त्याचा हात धरायचा होता, पण हातात फोन होता, आणि तो नेमका तेव्हाच वाजला: एक काम बाकी.

रुमेननं वाकून वाचलं. मग तिच्या हातातल्या फोनवर त्यानंच बोट टेकवलं आणि काम झाल्याची नोंद केली.

“असू दे, ताई,” तो म्हणाला. “नाहीतर सोमवारी पुन्हा वर येईल.”